आलिशान सेडानचा किलोमीटरमागे खरा खर्च किती?

पुणे-नाशिक महामार्गाने उत्तरेकडे निघाले, की चाकण लागते. मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपनीने १९९५ मध्ये पिंपरीत गाड्यांची जुळणी सुरू केली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना उभारला. तेथून खेड, पेठ, मंचर, कळंब अशी गावे मागे टाकीत तासा-दीड तासात नारायणगाव येते. अलीकडे गाड्या जुळतात आणि पलीकडे टोमॅटो, कांदा, द्राक्षे व ऊस पिकतो. पूर्वी या दोन जगांचा संबंध केवळ रस्त्यापुरता होता. आता तसे राहिलेले नाही. महामार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार, भूसंपादनाचा मोबदला, द्राक्षांची निर्यात आणि अधूनमधून येणारे तेजीचे हंगाम यांमुळे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बागायतदार, आडते आणि व्यावसायिकही मोठ्या आलिशान गाडीचा विचार करू लागले आहेत.

अशी गाडी दारात उभी राहिली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ प्रश्न स्वाभाविक आहे. आपल्याकडे मोटारसायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत प्रत्येक यंत्राची पारख याच प्रश्नाने होते. मात्र ऐंशी लाखांच्या सेडानच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. अशा गाडीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा जेमतेम विसाव्या हिश्शाचा असतो. उरलेले एकोणीस हिस्से कोठे जातात, हे पाहिल्याशिवाय गाडी परवडते की नाही, हे ठरविता येत नाही.

मोठी सेडान म्हणजे कोणती?

मर्सिडीजची ई-क्लास, बीएमडब्ल्यूची ५ सीरिज, ऑडीची ए-६ या गाड्या या वर्गातील परिचित नावे होत. त्यांच्या वरच्या पायरीवर एस-क्लास आणि ७ सीरिज येतात. भारतात ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली लांब बांधणीची ई-क्लास सुमारे ५.०९ मीटर लांब असून तिच्या पुढील व मागील चाकांमधील अंतर ३.०९ मीटर आहे. त्या वेळी ई-२०० या पेट्रोल गाडीची शोरूम किंमत ७८.५ लाख, तर ई-२२०डी या डिझेल गाडीची ८१.५ लाख रुपये होती. चाकणला जुळणी झालेली एस-क्लास ऑक्टोबर २०२१ मध्ये १.५७ कोटी रुपयांपासून पुढे विक्रीस आली होती.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कराची रचना बदलली. पूर्वी २८ टक्के कर आणि त्यावर उपकर मिळून ४८ ते ५० टक्के आकारणी होत असे. त्याऐवजी ४० टक्के असा एकच दर लागू झाला. पुढील हिशेबासाठी शोरूम किंमत ८० लाख रुपये ही गोल रक्कम धरली आहे.

ॲव्हरेजचा आकडा येतो कोठून?

जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात दिलेला प्रमाणित आकडा प्रयोगशाळेतला असतो. देशात हे काम करणाऱ्या संस्थांपैकी प्रमुख म्हणजे पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात ‘एआरएआय’. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे नाव शोरूममध्ये हमखास घेतले जाते.

या चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही. ती रोलरवर उभी करून ठरावीक क्रमाने चालविली जाते. भारतीय चाचणीचा हा क्रम वर्षानुवर्षे सुमारे २० मिनिटांचा आणि ११ किलोमीटरच्या आसपासचा राहिला. त्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असून वातानुकूलन यंत्रणा बंद असते. चाकणच्या चौकातली कोंडी, मे महिन्यातले ऊन, पाच माणसे आणि सामान यांपैकी त्यात काहीही नसते. दोन गाड्यांची तुलना करण्यास हा आकडा उपयोगी आहे. आपल्या गाडीला तेवढेच ॲव्हरेज मिळेल, अशी हमी म्हणून मात्र तो घेऊ नये. प्रत्यक्ष वापरात त्याच्या तीन चतुर्थांश मिळाले, तरी तक्रारीस जागा नाही, असे धरून चालावे.

गाडीतील पडद्यावर दिसणारा आकडाही थोडा उदार असू शकतो. खात्रीचा मार्ग जुनाच आहे. टाकी पूर्ण भरावी, किलोमीटरची नोंद करावी, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरावी आणि भागाकार करावा. असे चार-पाच वेळा केल्यावर जी सरासरी येईल, ती आपल्या गाडीचे खरे ॲव्हरेज होय.

रस्ता इंधन कसे खातो?

सुमारे दोन टन वजनाच्या या गाडीला तीन गोष्टी ओढून धरतात. टायर व रस्ता यांच्यातील घर्षण, हवेचा विरोध आणि चढ या त्या तीन गोष्टी. त्यांच्या जोडीला चौथी गोष्ट म्हणजे जागीच उभे राहणे.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १२० वर गेल्यास वेग दीडपट होतो, पण विरोध सव्वादोनपट होतो. खेड घाट, मंचर व नारायणगाव येथील बाह्यवळण रस्ते झाल्यापासून या मार्गावर वेगाचा मोह वाढला आहे. त्याची किंमत टाकीतून वसूल होते.

कोंडीचा हिशेब वेगळा. वातानुकूलन सुरू ठेवून इंजिन जागीच चालू राहिल्यास तासाला सुमारे लिटरभर इंधन जळते. मंचरहून पुण्याला जाऊन परत येण्याचे अंतर साधारण १२० किलोमीटर आहे. लिटरला १५ किलोमीटर धरल्यास ८ लिटर डिझेल लागते. चाकण व भोसरी परिसरात जाता-येता मिळून तासभर अडकले, तर नववा लिटर जातो आणि ॲव्हरेज १३ वर येते. गाडी तीच, चालकही तोच. थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा ही गळती बरीच कमी करते. अनेक चालक ती बटण दाबून बंद ठेवतात, हा भाग निराळा.

घाटाची भीती मात्र थोडी अतिरंजित आहे. मंचरहून घोडेगाव, डिंभे मार्गे भीमाशंकरला जाताना पुण्याच्या पातळीपेक्षा सुमारे ४०० मीटर अधिक उंची गाठावी लागते. प्रवाशांसह २,२०० किलो वजन तेवढे वर नेण्यास लागणारी ऊर्जा आणि इंजिनाची कार्यक्षमता यांचे गणित मांडले, तर केवळ चढाचा खर्च सुमारे पाऊण लिटर डिझेल इतका येतो. त्यातील काही भाग उतारावर परत मिळतो. गिअरमध्ये ठेवून, पाय काढून उतरताना आधुनिक इंजिन इंधनपुरवठा थांबविते. नव्या ई-क्लाससारख्या गाड्यांमधील ४८ व्होल्टची यंत्रणा थोडी ऊर्जा बॅटरीत साठवितेही. म्हणून उतारावर गाडी ‘न्यूट्रल’ करण्याची जुनी सवय सोडावी. त्यात बचत नाही आणि धोका मात्र आहे. माळशेज घाटात पावसाळी धुक्यातून उतरताना तर हे कटाक्षाने पाळावे.

पेट्रोल की डिझेल?

डिझेलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे १२ टक्के अधिक ऊर्जा असते, शिवाय डिझेल इंजिन अधिक कार्यक्षम असते. मोठ्या सेडानला मिश्र वापरात पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १४ किलोमीटर मिळतात, असे मानू. दर पेट्रोलचा १०५ व डिझेलचा ९० रुपये धरू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला १०.५० रुपये, तर डिझेलचा ६.४३ रुपये येतो. म्हणजे दर किलोमीटरला चार रुपये वाचतात.

परंतु या बचतीसाठी आधी किती मोजावे लागतात? २०२४ मधील वर दिलेल्या किमतींनुसार डिझेल गाडी ३ लाखांनी महाग होती. महाराष्ट्रात २० लाखांपुढील वैयक्तिक पेट्रोल गाडीवर १३ टक्के, तर डिझेल गाडीवर १५ टक्के एकरकमी वाहन कर आहे. करातील फरक आणखी २ लाखांचा होतो. एकूण ५ लाख रुपये किलोमीटरला चार रुपयांनी भरून येण्यास सव्वा लाख किलोमीटर धावावे लागते. वर्षाला १२ हजार किलोमीटर वापर असेल, तर त्यास दहा वर्षे लागतील. ज्याची गाडी रोज आळेफाटा ते पुणे धावते, त्याने डिझेल घ्यावे. ज्याची गाडी घरापासून बाजार समितीपर्यंत आणि लग्नसराईपुरती बाहेर पडते, त्याने डिझेलच्या ॲव्हरेजला भुलू नये.

याला तांत्रिक कारणही आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ निकषांनुसार डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी जाळी असते. साचलेली काजळी जाळण्यासाठी गाडी काही काळ सलग व सावकाश नव्हे, तर बऱ्या वेगाने धावावी लागते. रोज चार-पाच किलोमीटरच्याच फेऱ्या झाल्या, तर जाळी तुंबते आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. अनेक गाड्यांत युरियाचे ३२.५ टक्के द्रावणही वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते तयार मिळणारेच वापरावे. शेतातला युरिया पाण्यात विरघळवून ओतण्याचा प्रयोग करू नये.

पेट्रोल गाडीच्या बाबतीत नवा मुद्दा इथेनॉलचा आहे. देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात हा विषय घरचाच आहे, कारण इथेनॉल उसाच्या रसापासून व मळीपासून बनते. मका व तांदूळ हेही त्याचे स्रोत आहेत. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे मिश्रणाची ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते. २० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या गाड्यांत ॲव्हरेज १ ते २ टक्के, तर अन्य गाड्यांत ३ ते ६ टक्के कमी होते, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये म्हटले होते. जुनी आलिशान गाडी विकत घेणाऱ्याने ती या मिश्रणास योग्य आहे का, हे इंधनाच्या झाकणाच्या आतील सूचनेवरून किंवा पुस्तिकेवरून तपासावे.

पाच वर्षांचा ताळेबंद

आता मूळ हिशेब पाहू. गाडी डिझेल, शोरूम किंमत ८० लाख, वापर पाच वर्षे, वर्षाला १२ हजार म्हणजे एकूण ६० हजार किलोमीटर. त्यापैकी ६० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतलेले. विमा, देखभाल आणि टायर यांच्या रकमा अंदाजाच्या आहेत. वाचकांनी तेथे आपले आकडे घालून पाहावेत.

घसारा: ४० लाख रुपये, किलोमीटरला सुमारे ६७ रुपये.
कर्जावरील व्याज: १४.७३ लाख, किलोमीटरला २४.५० रुपये.
वाहन कर: १२ लाख, किलोमीटरला २० रुपये.
विमा, वर्षाला सरासरी सव्वा लाख: ६.२५ लाख, किलोमीटरला १०.४० रुपये.
देखभाल, वर्षाला ८० हजार: ४ लाख, किलोमीटरला ६.७० रुपये.
डिझेल: ३.८६ लाख, किलोमीटरला ६.४३ रुपये.
टायरचा एक संच: १.२० लाख, किलोमीटरला २ रुपये.

एकूण खर्च ८२ लाख रुपये, म्हणजे किलोमीटरला १३७ रुपये. पाच वर्षांत गाडीच्या किमतीइतकीच रक्कम खर्ची पडते आणि त्यातील डिझेलचा वाटा ४.७ टक्के असतो. चालक ठेवल्यास त्याचा पगार वेगळा.

यात घसाऱ्यासाठी विमा व्यवसायातील प्रचलित कोष्टक वापरले आहे. त्यानुसार गाडीचे विमामूल्य एक वर्षानंतर २० टक्क्यांनी, दोन वर्षांनंतर ३० टक्क्यांनी, तीन वर्षांनंतर ४० टक्क्यांनी आणि चार वर्षांनंतर ५० टक्क्यांनी कमी धरले जाते. पाच वर्षे उलटल्यावर विमामूल्य दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरते. बाजारात आलिशान सेडानला याहून कमी किंमत येण्याचीच शक्यता अधिक असते.

आता ॲव्हरेजकडे परत वळू. समजा, जपून चालवून ते १४ वरून १६ वर नेले. पाच वर्षांत सुमारे ४८ हजार रुपये वाचतील, म्हणजे महिन्याला ८०० रुपये. याच गाडीचा महिन्याचा हप्ता १ लाख २४ हजार ५५० रुपये आहे.

दुसरे टोकही पाहावे. गाडी वर्षाला केवळ ६ हजार किलोमीटर फिरली, तर इंधनाचा खर्च निम्मा होतो, पण घसारा, व्याज, कर व विमा तसेच राहतात. किलोमीटरमागील खर्च २६५ रुपयांवर जातो. उभी गाडी स्वस्त पडते, हा समज या वर्गात पूर्णपणे चुकीचा आहे.

नोंदणी कोणाच्या नावावर?

अनेक व्यावसायिक गाडी संस्थेच्या नावावर घेतात. व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर प्राप्तिकरात वर्षाला १५ टक्के दराने घसारा मिळतो, हा त्याचा लाभ. पण कंपनीच्या नावावरील गाडीला राज्यात २० टक्के वाहन कर पडतो. ८० लाखांच्या गाडीवर तो १६ लाख होतो. वाहन कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली, याची झळ आणखी महाग गाड्यांना बसते. शिवाय स्वतःच्या वापराच्या मोटारीवर भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट सर्वसाधारणपणे मिळत नाही.

ज्याचे उत्पन्न केवळ शेतीचे आहे, त्याला घसाऱ्याचा लाभ नाही. १० लाखांवरील गाडी घेताना विक्रेता १ टक्का रक्कम प्राप्तिकरापोटी गोळा करतो. ८० लाखांवर ती ८० हजार होते. विवरणपत्र भरणाऱ्यास ती वळती करून किंवा परत घेता येते. न भरणाऱ्याची रक्कम तशीच अडकून राहते.

गतिरोधक, टायर आणि कार्यशाळा

लांब बांधणीच्या गाडीचे पोट दोन चाकांच्या मध्ये उंच, अरुंद गतिरोधकाला टेकू शकते. महामार्ग सोडून वाडी-वस्तीच्या रस्त्याला लागल्यावर असे गतिरोधक पावलोपावली भेटतात. बुटक्या कडांचे टायर खड्ड्यात फुगतात किंवा चिरतात आणि मिश्रधातूची रिम वाकते. गळीत हंगामात रस्त्यावर सांडलेला ऊस आणि बिनदिव्यांच्या ट्रॉल्या यांचीही काळजी घ्यावी लागते. गाडी घेताना पर्याय असल्यास लहान रिम व उंच कडेचे टायर निवडावेत. हवेचा दाब दर पंधरवड्याला तपासावा. कमी दाबाने टायर झिजतो, शिवाय ॲव्हरेजही घटते.

अधिकृत कार्यशाळा पुणे परिसरात आहेत. जुन्नरहून जाऊन-येऊन सुमारे १९० किलोमीटर होतात. म्हणजे प्रत्येक भेटीला साधारण १,२०० रुपयांचे डिझेल आणि एक दिवस. देखभालीचा करार गाडी घेतानाच केल्यास खर्च निश्चित होतो. विम्यात पाणी शिरून होणाऱ्या इंजिनाच्या नुकसानीचे आणि टायरचे संरक्षण आहे का, हे पाहावे. पश्चिम भागातील पाऊस ध्यानात घेता पहिले तर आवश्यकच आहे.

विजेचा पर्याय

चाकणला सप्टेंबर २०२२ मध्ये ईक्यूएस-५८० या मोठ्या विद्युत सेडानची जुळणी सुरू झाली. तिची बॅटरी १०७.८ युनिटची आणि एका भारणातील प्रमाणित पल्ला ८५७ किलोमीटर होता. प्रत्यक्षात युनिटला ५ किलोमीटर आणि युनिटचा दर १० रुपये धरला, तरी खर्च किलोमीटरला २ रुपये येतो. विद्युत गाडीवर वस्तू व सेवा कर ५ टक्केच आहे. मात्र घसारा येथेही सुटत नाही. घरगुती जोडणीचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. शेतीपंपाच्या सवलतीच्या जोडणीवर गाडी भारणे हा नियमभंग आहे.

हंगाम आणि हप्ता

जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटने २ हजार रुपयांचा टप्पा ओलांडला. काही शेतकऱ्यांच्या हाती एका हंगामात कोटीच्या घरात पैसे आले आणि त्याच्या बातम्या देशभर झाल्या. सप्टेंबरपर्यंत भाव कोसळले होते. ही चढउतार या पट्ट्याला नवी नाही.

वरील गाडीचा हप्ता भरण्यास २ हजारांच्या भावात महिन्याला ६३ क्रेट पुरतात. भाव १०० रुपयांवर आला, तर १,२४६ क्रेट लागतात, आणि तेही तोडणी, वाहतूक व अडत यांचा खर्च न धरता. पिकाचा पैसा हंगामी असतो, हप्ता मात्र साठही महिने ठरल्या तारखेला येतो. म्हणून तेजीच्या वर्षात गाडी घेणाऱ्याने त्या वर्षीच्या भावाचा नव्हे, तर मागील पाच वर्षांतील सर्वांत वाईट वर्षाच्या उत्पन्नाचा आधार घ्यावा. त्या वर्षीच्या निव्वळ उत्पन्नातून हप्ता, विमा व देखभाल निघत असेल, तर गाडी खुशाल घ्यावी. कष्टाच्या पैशाने चांगली गाडी घेण्यात गैर काहीच नाही.

निघत नसेल, तर दोन मार्ग उरतात. एक, तीन वर्षे वापरलेली, सेवानोंदी पूर्ण असलेली गाडी घेणे. कोष्टकाप्रमाणे ८० लाखांपैकी ३२ लाखांचा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो, आणि एकरकमी वाहन करही त्यानेच भरलेला असतो. मात्र देखभालीचा खर्च नव्या गाडीच्याच किमतीला साजेसा राहतो, हे विसरू नये. दुसरा मार्ग म्हणजे कर्ज टाळून, गाठीशी असलेल्या रकमेत बसेल ती गाडी घेणे. एवढ्यानेच किलोमीटरमागे साडेचोवीस रुपये वाचतात. डिझेलच्या एकूण खर्चाच्या जवळजवळ चौपट.

शोरूममध्ये बसल्यावर ॲव्हरेज अवश्य विचारावे. पण त्याआधी तीन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. पाच वर्षांनी ही गाडी कितीला विकली जाईल, व्याज एकूण किती भरावे लागेल आणि आपण वर्षाला खरोखर किती किलोमीटर फिरणार? हे तिन्ही जमले, तर लिटरला दोन किलोमीटर कमी मिळाल्याने कोणाचे काही बिघडत नाही. ते जमले नाहीत, तर कितीही चांगले ॲव्हरेज सावरू शकत नाही.